फिल्टर बदलला, एक्झॉस्ट बदलला, तरी वेळ का हलत नाही?

विचारणाऱ्यांची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुढची चाकं ओढणारी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची मॅन्युअल, चालकासकट वजन साधारण १२५० किलो. एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलून झालंय. मोबाइलच्या अ‍ॅपवर ० ते १०० ला एक दिवस ८.४ सेकंद लागले, दुसऱ्या दिवशी ९.६. मित्रांच्या मते गाडी 'अर्ध्या सेकंदाने तरी' सुधारलीय. मग ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या धावपट्टीवर, पाव मैलाच्या तीन फेऱ्या मारल्या, त्या आल्या १६.४२, १६.०९ आणि १६.२१ सेकंद. आता प्रश्न असा, की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप करू, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवू, की मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) घेऊ, म्हणजे १५ मध्ये, १६ सेकंदांच्या खाली, येईन?

सध्या दोन्ही नको. तुम्ही विचारलंय 'काय बसवू', पण त्याआधीचे दोन प्रश्न सुटलेले नाहीत: तुमच्या मोजमापावर विश्वास कितपत ठेवायचा, आणि वेळ नेमकी कुठे जातेय. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या तीन टाइमस्लिपवर, म्हणजे फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठ्यांवर, छापलेलं आहे. तुम्ही फक्त खालचा आकडा वाचलात.

स्लिपवर तुमच्या तीन फेऱ्या अशा आहेत. पहिली: ६० फूट २.६१ सेकंदात, पाव मैल १६.४२, शेवटचा वेग ताशी १४०.६ किलोमीटर. दुसरी: २.४१, १६.०९, १४०.१. तिसरी: २.३९, १६.२१, १३७.४. पाव मैल म्हणजे १३२० फूट, ४०२ मीटर. शेवटचा वेग, ज्याला आपण ट्रॅप स्पीड म्हणतो, तो शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी वेग असतो. माझ्या अनुभवात ट्रॅप स्पीड इंजिनाबद्दल सांगतो, ६० फुटांची वेळ चालक आणि टायरबद्दल सांगते, आणि एकूण वेळ ही त्या दोघांची खिचडी असते. म्हणून खिचडीकडे शेवटी बघायचं.

पहिल्या दोन फेऱ्यांत ट्रॅप स्पीड जवळपास सारखा आहे, म्हणजे इंजिनाने दोन्ही वेळी सारखंच काम केलं. फरक ६० फुटांत ०.२० चा, आणि तो शेवटी ०.३३ झाला. हे नेहमीचं गणित आहे: सुरुवातीला ०.१ गमावलंत की शेवटी ०.१५ ते ०.२ मोजावे लागतात, कारण वेळ जाते ती जातेच, शिवाय पुढचा प्रवास कमी वेगाने सुरू होतो. पहिल्या फेरीचा ट्रॅप स्पीड किंचित जास्त आहे याचं नवल वाटायला नको. चाकं जागेवर फिरली की वेळ वाया जाते आणि अंतर फारसं कापलं जात नाही. उरलेल्या अंतरात वेग धरायला गाडीला अंमळ जास्त वेळ मिळतो. त्यामुळे स्ट्रिपवर कोणी फक्त ट्रॅप स्पीड सांगून छाती फुगवत असेल, तर मी आधी त्याचे ६० फूट विचारतो.

तिसरी फेरी सगळ्यात बोलकी आहे. सुटणं सर्वांत चांगलं, तरी वेग जवळजवळ पावणेतीन किलोमीटरने कमी. ट्रॅप स्पीड ताकद आणि वजनाच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. उलटं गणित केलं तर १४०.१ वरून १३७.४ म्हणजे ताकदीत साधारण ५ ते ६ टक्के घट. गाडीतलं काही बिघडलेलं नाही. तुम्हीच लिहिलंय, की दुसरी आणि तिसरी फेरी लागोपाठ मारली आणि मधल्या रांगेत इंजिन चालूच होतं. टर्बोच्या गाडीत इंटरकूलर असा तापला की आत जाणारी हवा गरम होते आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद घटते. त्यावर पहिला उपाय मोठा इंटरकूलर नसून रांगेत इंजिन बंद करणं, बॉनेट उघडणं आणि अर्धा तास धीर धरणं हा आहे. एवढं करूनही दर फेरीला वेग घसरत गेला, तर इंटरकूलरचं बोलू.

आता त्या 'अर्ध्या सेकंदा'बद्दल. एक जुना ठोकताळा आहे, मी किलोमध्ये करून वापरतो: किलोमधलं वजन भागिले अश्वशक्ती, त्याचं घनमूळ काढा. त्याला ७.५८ ने गुणलं की चांगल्या फेरीची वेळ सेकंदात मिळते, आणि २८९ ला त्याने भागलं की ट्रॅप स्पीड. १२५० किलो आणि १४० किलोमीटर वेग धरला तर तुमचं इंजिन १४२ अश्वशक्तीच्या आसपास येतं आणि आदर्श वेळ येते १५.६५. ठोकताळाच आहे, गाडीगणिक इकडेतिकडे होतो, पण दोन गोष्टी त्यातून कळतात. पहिली, १५ मध्ये यायला लागणारी ताकद तुमच्याकडे आत्ताच आहे. दुसरी, १६ सेकंदांतून अर्धा सेकंद निव्वळ इंजिनाने काढायचा तर साधारण १० टक्के ताकद वाढायला हवी, म्हणजे १४ अश्वशक्ती. नुसता फिल्टर आणि मागचा एक्झॉस्ट एवढं देत नाहीत. आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं. मीही यातून गेलोय. एका मोसमात नवा एक्झॉस्ट बसवला, पाव सेकंद कमी झाला, सगळ्यांना सांगत सुटलो. पुढे एका थंड संध्याकाळी जुना एक्झॉस्ट परत लावून फेऱ्या मारल्या, तर तीच वेळ आली. पाव सेकंद हवेने दिला होता. ३५ अंशांवरून हवा २० अंशांवर आली की ती सुमारे ५ टक्के घट्ट होते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनात ते जवळपास तसंच ताकदीत उतरतं. १६ सेकंदांच्या गाडीला हा पाव सेकंद झाला. टर्बोच्या गाडीत ईसीयू हवेचा दाब राखतो म्हणून फरक थोडा कमी दिसतो, पण दिसतो.

मोजमापाकडे वळू, कारण ८.४ आणि ९.६ यांतला फरक मला गाडीपेक्षा फोनचा जास्त वाटतो. साध्या फोनचं जीपीएस बहुधा सेकंदातून एकदाच वेग सांगतं. तुमची गाडी शंभरच्या जवळ सेकंदाला ८-९ किलोमीटर वेग धरत असेल. म्हणजे अ‍ॅपला एकदा ९५ दिसलं की पुढचा आकडा १०३ चा. मधलं सगळं त्याने अंदाजाने भरायचं. सुरुवातीलाही तेच, गाडी हलली कधी हे त्याला उशिरा कळतं. दोन्ही टोकांच्या चुका एकाच दिशेला पडल्या की एक सेकंद सहज उडतो. यासाठी वेगळा जीपीएस रिसिव्हर घ्यावा, सेकंदाला १० किंवा २५ वेळा वाचन घेणारा. तो उपग्रहाच्या सिग्नलच्या डॉप्लर बदलावरून (वेगामुळे सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून) वेग काढतो आणि माझ्या अनुभवात स्ट्रिपच्या वेळेशी बऱ्यापैकी जुळतो. ओबीडीच्या (गाडीतले बिघाड तपासायच्या) पोर्टवरून वेग वाचणारी अ‍ॅप मात्र या कामाला वापरू नका. तो वेग पूर्णांकात येतो, रखडत येतो, आणि मुख्य म्हणजे चाकांचा असतो. पुढची चाकं जागेवर गरगरली की अ‍ॅपला वाटतं गाडी सुसाट निघाली. सगळ्यात वाईट फेरी त्यावर सगळ्यात भारी दिसू शकते! स्पीडोमीटरकडे बघून स्टॉपवॉच दाबणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवायचं नसतं, पण १० टक्के अधिक ४ किलोमीटर इतकं जास्त दाखवलेलं चालतं. काट्यावरचे १०० म्हणजे खरे ८७ सुद्धा असू शकतात.

पुढचा घोळ रोलआउटचा. स्ट्रिपवर घड्याळ गाडी हलताक्षणी सुरू होत नाही. पुढचं टायर स्टेजच्या, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या, प्रकाशझोतात उभं असतं आणि ते झोतातून बाहेर पडलं की घड्याळ चालू होतं. तोवर गाडी फूटभर पुढे आलेली असते, हाच रोलआउट. तुमच्यासारख्या गाडीला या एका फुटाला ०.३ ते ०.४ सेकंद लागतात, आणि ते फुकट मिळतात. काही अ‍ॅपमध्ये 'एक फूट रोलआउट' असा पर्याय असतो, तो एक दिवस चालू आणि एक दिवस बंद राहिला की तुलना संपली. कुठलाही ठेवा, पण एकच ठेवा. स्टेज करतानाही हेच. दुसरा दिवा लागल्याबरोबर थांबलात तर रोलआउट पूर्ण मिळतो. आणखी पुढे सरकलात तर तो कमी होतो आणि वेळ वाढलेली दिसते, गाडी तीच असली तरी. बाकी हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही किती वेळाने निघालात याचा फेरीच्या वेळेशी संबंध नाही. तो रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा छापतात. शर्यत जिंकायची असेल तर तो जीव की प्राण, पण गाडी तपासायला गेलात तर दिव्याच्या मागे लागू नका. हिरवा दिसू द्या, श्वास घ्या, नीट सुटा.

उताराचं एकच सांगतो: १ टक्का उतार डोळ्यांना कळतही नाही, पण पाव मैलात तो ४ मीटर होतो आणि तुमच्या गाडीला ०.२ सेकंद देतो. दोन्ही दिशांना फेरी मारून सरासरी घ्या, किंवा सपाट धावपट्टीशिवाय मोजू नका.

हे सगळं मोजमाप बंद ट्रॅकवरच. रस्त्यावर 'फक्त एकदाच, रात्री, रिकामा आहे म्हणून' हे मला कोणी विचारू नये. रिकामा रस्ता चार सेकंदांत रिकामा राहत नाही. हेल्मेटबद्दलही लगे हात सांगतो. अमेरिकेच्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत पाव मैल १३.९९ किंवा त्याहून कमी वेळेत कापणाऱ्याला ते सक्तीचं आहे. मी १६ सेकंदांच्या गाडीतही घालतो.

आता मूळ दुखणं, पहिले ६० फूट. रोलआउट धरून हिशेब केला तर २.६१ म्हणजे सरासरी ०.४१ जी त्वरण (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं), २.३९ म्हणजे ०.४९ जी. तुमच्या पुढच्या टायरना किती झेपतं ते बघू. १२५० किलोतले ६० टक्के, म्हणजे ७५० किलो, उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर आहेत असं धरू. गाडी सुटली की वजन मागे सरकतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर अडीच मीटर धरलं, तर अर्ध्या जीला जवळपास १३७ किलो पुढून मागे जातात. ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावर ६१३ किलोच उरले. टायर आणि जमिनीचा पकड-गुणांक १ धरला तरी ओढ ६१३ किलोची, म्हणजे जेमतेम ०.४९ जी. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीला हेच सरकणारं वजन वरदान असतं, तुमच्या गाडीला तो शाप आहे.

याचा अर्थ तिसऱ्या फेरीत तुम्ही टायरच्या मर्यादेवर होता. हात चांगलाच बसलाय तुमचा, त्याबद्दल शाबासकी. पण रिमॅप करून २०-२५ अश्वशक्ती वाढवल्या तर हे ६० फूट सुधारणार नाहीत, उलट चाकं आणखी लवकर सुटतील. वरच्या गिअरमध्ये फायदा होईल, ट्रॅप स्पीड वाढेल, वेळही काहीशी कमी होईल, पण पैसा आधी टायरवर लागायला हवा. मऊ रबराचे चांगले टायर, आणि स्ट्रिपची चिकट पृष्ठभाग असलेली लेन, एवढ्यावर २.३० शक्य आहे. दुसऱ्या फेरीच्या २.४१ वरून २.३० म्हणजे शेवटी साधारण ०.१८ कमी, आणि १६.०९ चे १५.९१.

टायर घेईपर्यंत हवा बघा. पुढच्या टायरमध्ये नेहमीचे ३३ पीएसआय असतील तर दोन-दोनने कमी करत २८-२७ पर्यंत या, प्रत्येक पायरीला किमान दोन फेऱ्या. साध्या टायरमध्ये त्याहून खाली जाऊ नका, बाजूच्या भिंती वळवळतात, स्टिअरिंग हातात राहत नाही आणि वेग वाढल्यावर टायर तापतो. घरी निघताना हवा पूर्ववत भरणं विसरू नका. बर्नआउटसाठी (चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्यासाठी) ठेवलेल्या पाण्यातून जाऊ नका, बाजूने वळसा घाला. रस्त्याच्या टायरच्या खाचांत पाणी अडकतं, मडगार्डच्या आतून ठिबकतं, आणि बरोबर सुटण्याच्या जागी पडतं. मागचा माणूसही शिव्या घालतो. कोरड्या जागी दोनेक सेकंद चाकं फिरवून धूळ झटकली की पुरे.

सुटण्याची माझी रीत अशी: पहिल्या गिअरमध्ये २००० ते २५०० आरपीएम स्थिर धरायचे. क्लच एकदम सोडायचा नाही, पकडीच्या बिंदूवर आणून साधारण सेकंदभर हाफ क्लचवर ठेवायचा, आणि गाडी पुढे सरकायला लागली की अ‍ॅक्सिलरेटर वाढवत न्यायचा. कान टायरकडे. बारीक 'चुईं' असा तुटक आवाज आला तर तुम्ही पकडीच्या काठावर आहात, तिथेच राहा. सलग किंकाळी आली तर फेरी गेली, मग पाय किंचित उचला, पूर्ण सोडू नका. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरली की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) चालू ठेवायचं की बंद हे गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत ते इंजिनाचा गळा इतका दाबतं की गाडी बसते, काहींत ते नवख्या पायापेक्षा चांगलं काम करतं. दोन्ही करून बघा. क्लचची अवस्था मला इथून कळत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये आरपीएम वाढून वेग वाढत नसेल तर आधी क्लच बदला, फेऱ्या नंतर. जळका वास आला की त्या दिवसाचं दुकान बंद.

गिअरबद्दल फार नाही. एखादा गिअर टाकताना ०.१ सेकंद जास्त गेला तर शेवटी पूर्ण ०.१ जात नाही, कारण तेवढा वेळ गाडी चालू वेगाने पुढे जातच असते. ताशी ५५ ला झालेली दिरंगाई १४० च्या ट्रॅपवर ०.०६ पडते, ९५ ला झालेली ०.०३. त्यामुळे पहिला ते दुसरा बदल घासून पुसून घ्या, बाकीच्यांवर गिअरबॉक्स मोडायची मर्दुमकी नको. कधी बदलायचा? बहुतेक लोक रेडलाइनपर्यंत, आरपीएमच्या लाल खुणेपर्यंत, खेचतात. तुमच्या छोट्या टर्बोचा दम वरच्या टोकाला संपतो. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९५ आणि तिसऱ्याचं १.३० आहे, तर ६३०० ला बदलल्यावर इंजिन ४२०० वर येईल. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर ६३०० आणि ४२०० या दोन ठिकाणची ताकद सारखी दिसली तर तोच बदलाचा बिंदू. ६३०० ची ताकद कमी दिसली तर थोडं आधी बदला. याच कारणाने ० ते १०० हा आकडा मला फसवा वाटतो. दुसरा गिअर ९७ ला संपत असेल तर तीन किलोमीटरसाठी एक अख्खा गिअरबदल त्यात घुसतो. दुसरी गाडी दुसऱ्यातच १०२ गाठते आणि फुकटची शहाणी ठरते. इंजिनाचे बदल तपासायला मी एकाच गिअरमधला टप्पा घेतो, तुमच्या गाडीत तिसऱ्यात ८० ते १२०. त्यात सुटणं नाही, क्लच नाही, टायर नाही.

वजन काढणं सोपं आणि स्वस्त. टाकीतलं ४० लिटर पेट्रोल ३० किलोचं असतं, स्टेपनी, जॅक आणि डिकीतला पसारा धरून ५० किलो सहज निघतात. ४ टक्के वजन म्हणजे ०.२ सेकंद. टाकी अगदी तळाला मात्र नेऊ नका, सुटताना पेट्रोल मागे सरकून पंप हवा ओढतो.

तर पुढच्या वेळी एकाच संध्याकाळी सहा फेऱ्या धरा, मध्ये किमान अर्धा तास, रांगेत गाडी ढकलत न्या. पहिल्या दोन आहे त्या अवस्थेत. मधल्या दोन पुढची हवा २८ वर आणून, बाकी कशालाही हात न लावता. शेवटच्या दोन पुन्हा ३३ वर. शेवटच्या दोन पहिल्या दोनशी जुळल्या तर मधला फरक टायरचा. नाही जुळल्या तर हवामान किंवा इंजिनाचं तापमान बदललं, आणि मधल्या आकड्यांवरून काही ठरवू नका. प्रत्येक स्लिपच्या मागे पेनाने वेळ, हवेचं तापमान, टायरचा दाब आणि कोणत्या आरपीएमला सुटलात ते लिहा, तिथल्या तिथे, कारण घरी येईपर्यंत सगळ्या फेऱ्या डोक्यात एक होतात. त्या सहा स्लिप हातात आल्या की इंटरकूलरचं बघू.